ग्रेड टू लिस्टेड घर घेताना: आधी शेवटची पन्नास वर्षं तपासा

तुम्ही दिलेली माहिती आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं सगळं कशाला धरून आहे ते कळेल. इंग्लंडच्या वूस्टरशरमधल्या एका गावात १७९०च्या दशकातलं लाल विटांचं घर, सहा बेडरूम, मागे उंच भिंतींनी वेढलेली एकरभर बाग, ग्रेड टू लिस्टेड (म्हणजे ऐतिहासिक म्हणून सरकारी यादीत नोंदलेलं आणि कायद्याने संरक्षित), मागणी नऊ लाख पौंड. राहणार तुम्ही दोघं, दोन मुलं, आणि वर्षातले काही महिने साताऱ्याहून येणारे आईबाबा. घर बघताक्षणी आवडलं. एजंट म्हणाला, "लिस्टिंग फक्त दर्शनी बाजूचं आहे, आत हवं ते करा." तुम्हाला स्वयंपाकघर आणि जेवणघर एक करायचंय, आईंसाठी तळमजल्यावर न्हाणीघर हवंय, खिडक्यांना डबल ग्लेझिंग, म्हणजे दुहेरी काचा, आणि छपरावर सोलर हवंय. आणि शेवटी विचारलंत, घ्यावं का?

मी बावीस वर्षं इंग्लंडमध्ये जुन्या घरांचे सर्व्हे करतोय. घर न बघता "घ्या" किंवा "घेऊ नका" असं मी सांगणार नाही, आणि दुसरं कोणी सांगितलं तरी त्यावर जाऊ नका. पण निर्णय कशावर ठरेल ते नक्की सांगता येतं. "आम्हाला काय काय करता येईल" हा तुमचा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की या घराचं आजवर कोणी काय काय करून ठेवलंय? अशा घरासमोर उभं राहिलं की लोकांना त्याच्या वयाची धास्ती वाटते. सव्वादोनशे वर्षं उभ्या असलेल्या विटा-लाकडाची मला फारशी काळजी नसते. मला काळजी असते ती शेवटच्या पन्नास-साठ वर्षांची, कारण सिमेंट, प्लॅस्टिकचा रंग आणि हौशी मालक हे तिघं त्याच काळात घरात शिरले.

आधी एजंटचं म्हणणं निकालात काढू. ते चूक आहे. इंग्लंडमध्ये लिस्टिंग होतं ते संपूर्ण इमारतीचं, आतून-बाहेरून. जिना, दारं, शेकोट्यांच्या चौकटी, छताचं नक्षीकाम, जमिनीच्या फळ्या, सगळं त्यात आलं. एवढंच नाही, घराच्या आवारात १ जुलै १९४८ च्या आधीपासून असलेली आणि घराचाच भाग मानली जाणारी बांधकामंही त्यात येतात. म्हणजे तुमच्या बागेची भिंत आणि कोपऱ्यातला जुना तबेलासुद्धा. ग्रेड टू म्हणजे "किरकोळ" असाही एक समज आहे. यादीत साधारण चार लाख नोंदी आहेत आणि त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त ग्रेड टूच आहेत. परवानगीचा कायदा वन, टू-स्टार आणि टू या तिन्ही ग्रेडना एकच.

ही यादी सांभाळणाऱ्या हिस्टॉरिक इंग्लंड या संस्थेच्या संकेतस्थळावर तुमच्या घराची नोंद फुकट वाचायला मिळते. ती आजच वाचा. पण वाचताना एक लक्षात ठेवा, जुन्या नोंदी घर ओळखता यावं एवढ्यासाठी लिहिल्या होत्या, आणि पुष्कळदा रस्त्यावर उभं राहूनच. त्यात जिन्याचा उल्लेख नसला म्हणून जिना मोकळा सुटत नाही. एजंटचा गोंधळ बहुधा तिथूनच आला असावा. अलीकडच्या काही नोंदींत अमुक भाग वगळला असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तसं लिहिलेलं असेल तरच ते खरं धरा.

लिस्टेड म्हणजे मनाई नव्हे. घराच्या स्वरूपाला धक्का लागेल असं काहीही करण्याआधी स्थानिक कौन्सिलची लेखी संमती घ्यायची, एवढाच त्याचा अर्थ. अर्जाला फी नाही आणि निर्णयाची मुदत साधारण आठ आठवड्यांची असते. मात्र १९९०च्या कायद्याप्रमाणे संमतीशिवाय काम करणं हा फौजदारी गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि घर घेणाऱ्याने ज्यासाठी झोप उडवून घ्यायला हवी ती गोष्ट वेगळीच आहे. बेकायदा काम पूर्ववत करायला लावणाऱ्या नोटिशीला कालमर्यादा नाही, आणि ती नोटीस आजच्या मालकाला येते. गुन्हा आधीच्या मालकाचा, खर्च तुमचा.

हे मी जवळून पाहिलंय. शेजारच्या काउंटीतल्या एका कुटुंबाने घर घेतलं तेव्हा मागच्या बाजूच्या सातही खिडक्या प्लॅस्टिकच्या होत्या. त्या वीसेक वर्षांपूर्वी, दोन मालकांआधी बसवलेल्या. सर्व्हेत त्याबद्दल अर्धी ओळ होती, वकिलाने ती वाचून पुढचं पान उलटलं. तीन वर्षांनी त्यांनी बागेकडच्या दारासाठी अर्ज केला, कौन्सिलचा अधिकारी बघायला आला, आणि दाराबरोबर खिडक्याही त्याच्या नजरेत आल्या. लाकडी सॅश खिडक्या (वर-खाली सरकणाऱ्या) नव्याने करून बसवताना त्यांना मुलांच्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसे मोडावे लागले. त्यांनी त्या घरात एक खिळासुद्धा चुकीचा ठोकला नव्हता.

म्हणून ऑफर देण्याआधी एक संध्याकाळ यासाठी काढा. कौन्सिलच्या प्लॅनिंगच्या नोंदी ऑनलाइन असतात, त्यात या पत्त्यावर कधी कशाची संमती दिली गेली ते काढा. मग घरातून फिरताना प्रत्येक नवीन वाटणाऱ्या गोष्टीला विचारा, तुझा कागद कुठे आहे? पोटमाळ्यातली छपराची खिडकी, खाली शेकोटीची जागा आहे पण वर धुराडं नाही अशी खोली, एकाएकी मोठं झालेलं दिवाणखान्याचं दालन, स्पॉटलाइट लावलेलं सपाट छत. कागद नसेल तर तो सौद्याचा विषय आहे.

इथे एक फास आहे, तो नीट समजून घ्या. असं काही निघालं की विकणाऱ्याचा सॉलिसिटर, म्हणजे वकील, "इंडेम्निटी विमा देतो" म्हणतो. त्या विम्याने नोटीस आली तर पैसे मिळू शकतात, काम मात्र कायदेशीर होत नाही. आणि तुम्ही त्याबद्दल कौन्सिलशी आधी बोललात तर सहसा तो विमा मिळतच नाही. त्यामुळे उत्साहाच्या भरात कौन्सिलच्या संवर्धन अधिकाऱ्याला फोन करू नका, आधी सॉलिसिटरशी ठरवा. छोट्या गोष्टीला विमा चालेल. एखादी मूळ भिंत किंवा अख्खी खिडक्यांची रांगच गेली असेल तर विकणाऱ्यानेच ते काम ठेवण्याची संमती मिळवून द्यावी, नाहीतर किंमत उतरवावी. इंग्लंडमध्ये दोन्ही बाजूंच्या सह्या केलेल्या करारांची अदलाबदल होईपर्यंत कोणीच बांधलेलं नसतं, हे तुमच्या पथ्यावर आहे.

आता भिंतींकडे येऊ. माझ्या आजोबांचं घर वाईला. लहानपणी त्या घरात भिंतीला पाठ टेकली की कपड्यांना पांढरी भुकटी लागायची, घाण्यावर मळलेल्या चुन्याचा गिलावा होता. १९९०च्या आसपास काकांनी हौसेने खालच्या तीन फुटांना सिमेंटचं प्लास्टर केलं, वर ऑइलपेंट. दोन पावसाळ्यांत ओल त्या तीन फुटांच्या वर चढली, जिथे आधी कधीच नव्हती. इथे येऊन इंग्रजी चुन्याचं काम शिकलो तेव्हा कळलं की काकांनी वाईत जे केलं तेच इंग्लंडभर लोकांनी केलंय.

तुमच्या घराच्या भिंती भरीव आहेत, आत पोकळी नाही. अशी भिंत पावसाचं पाणी थोडं पिते आणि ऊन-वारा लागला की सोडते. विटांमधला चुना विटेपेक्षा मऊ असतो, पाणी त्या दरजांतून बाहेर पडतं, आणि झीज होते ती स्वस्त चुन्याची. कोणी त्या दरजा सिमेंटने भरल्या की पाण्याची वाट बंद होते. मग ते विटेतूनच बाहेर पडायला बघतं, थंडीत गोठतं, आणि विटेचा पुढचा पापुद्रा सुटून येतो. घराच्या पश्चिमेच्या भिंतीजवळ जा. दरजा करड्या, कडक आणि विटांच्या पुढे आलेल्या, आणि विटा मात्र खोलगट झालेल्या दिसल्या तर तिथे सिमेंट आहे. किल्लीच्या टोकाने हलकेच खरवडून बघा, चुना भुरभुरतो, सिमेंट ओरखडाही घेत नाही. मग खाली बघा. फुलांचे वाफे, फरसबंदी, गाड्यांसाठी टाकलेली खडी, यांनी बाहेरची जमीन घरातल्या जमिनीपेक्षा वर आली असेल तर आतली ओल तिथूनच आहे. असं असेल तर फावडं घेऊन पाच-सहा इंच माती बाजूला करणं हा त्या घरावरचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी इलाज असतो.

ओल दिसली की कोणीतरी "फुकट डॅम्प सर्व्हे" सुचवेल. जो रसायनाची इंजेक्शनं विकतो त्याचा सर्व्हे इंजेक्शनंच सुचवणार. त्यांच्या हातातलं दोन काट्यांचं मीटर मुळात लाकडासाठी आहे. जुन्या गिलाव्यात क्षार साठलेले असतात, त्यावर ते कोरड्या भिंतीतही किंचाळतं. तुम्ही आरआयसीएसचा (सर्व्हेअरांच्या व्यावसायिक संस्थेचा) लेव्हल थ्री, म्हणजे सगळ्यात सविस्तर, सर्व्हे करा, आणि करणारा माणूस रोज १९१९च्या आधीची घरं बघणारा आहे ना हे विचारा. त्याला एकच प्रश्न करा, "या घराला बाहेरून कसला गिलावा कराल?" चुना हा शब्द पहिल्या वाक्यात आला नाही तर दुसरा माणूस शोधा. एवढ्या घराला दीड-दोन हजार पौंड लागतील. बँकेचं व्हॅल्युएशन म्हणजे सर्व्हे नव्हे.

छपराबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण तुमच्या फोटोत समोरून छप्पर दिसतच नाही, नुसता विटांचा कठडा दिसतो. त्या काळच्या घरांची ही ढबच. कठड्यामागे शिशाच्या पत्र्यांची पन्हळ असते, आणि दोन उतारांच्या मधल्या खोलगटातही तशीच एक. पत्रे लांबलचक घातले असतील तर ऊन-थंडीने ताणून-आकसून त्यांना चिरा जातात. पानं अडकली तर पाणी तुंबतं आणि बाहेर न सांडता आत उतरतं. गेल्या हिवाळ्यात अशाच एका घरात दिवाणखान्याच्या कोपऱ्यात मला अळंबीचा वास आला. भिंत रंगवलेली, गुळगुळीत, डाग नाही. खिडकीच्या कडेची लाकडी फळी बोटाने दाबली तर बोट आत गेलं. मागे पिवळट करडा कापसासारखा थर पसरलेला होता, ड्राय रॉट, लाकूड कुजवणारी बुरशी. वर जाऊन पाहिलं तर पन्हळीच्या तोंडाशी मूठभर पानं आणि मुलांचा एक टेनिसचा चेंडू. त्या काळात विटांच्या भिंतींच्या आत आडवी लाकडं घालत, तीही भिजून गेली होती. कठड्यामागे शिडीने चढून कोणी पाहिल्याशिवाय सर्व्हे पुरा झाला असं मानू नका. पोटमाळ्यात वटवाघळांच्या लेंड्या दिसल्या तर छपराच्या कामाचं वेळापत्रक त्यांच्या सोयीने लावावं लागेल, कारण इथे सगळ्या जातींच्या वटवाघळांना कायद्याचं संरक्षण आहे.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर नोंद वाचा, संमतीचे कागद जुळवा, सिमेंट शोधा, आणि पाणी कुठून येतं आणि कुठून जातं ते बघा. यात घर पास झालं तर मग तुमच्या चार इच्छांकडे वळू.

स्वयंपाकघराची भिंत पाडता येईल का, हे ती भिंत कधीची आहे यावर ठरेल. समोरच्या मुख्य खोल्यांची मूळ मांडणी अधिकारी सहसा मोडू देत नाहीत. मागच्या नोकरांच्या भागात, आणि त्यातही १९७०च्या सुमाराला घातलेली पातळ भिंत असेल तर बरीच मोकळीक मिळते. अख्खी भिंत काढण्याऐवजी दोन्ही बाजूंना खांबासारखे भाग ठेवून रुंद दार मागा, मूळ खोल्या ओळखता येतात म्हणून असे अर्ज मंजूर झालेले मी पुष्कळ पाहिलेत. आपल्या स्वयंपाकाचा विचार आताच करा. रोजची फोडणी, कुकरच्या शिट्ट्या, भाताची वाफ, एवढी वाफ इंग्रजी स्वयंपाकघरात नसते. ती बाहेर टाकणारा पंखा लागणारच, आणि त्यासाठी भिंतीला भोक पाडायला संमती लागते. बंद पडलेल्या धुराड्यातून नळी नेता आली तर तेही टळतं का ते बघा.

आईंचं न्हाणीघर मला चौघांत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि ते बहुधा होईल. लाकडी जमिनीवर मात्र आपल्या पद्धतीचं, पाणी सांडणारं न्हाणीघर करू नका, खालच्या तुळया कुजतात. तळमजल्यावर जिथे दगडी किंवा विटांची फरशी आहे, जुनं धुण्याचं कोठार वगैरे, तिथे करा. ड्रेनेजही तिथेच जवळ असतं. नंतर कोणाला काढून टाकता येईल अशा पद्धतीने बांधलं, म्हणजे मूळ फरशी खाली तशीच ठेवली, तर अधिकाऱ्याचंही मन वळतं.

डबल ग्लेझिंगचा हट्ट सोडा. सॅश खिडक्यांतली ती किंचित लाटांची काच एकदा गेली की परत मिळत नाही. आतल्या बाजूने दुसरी काच बसवायला बहुतेक ठिकाणी हरकत नसते, फटी बुजवून घ्या, आणि खिडकीच्या दोन्ही बाजूंना लाकडी पेट्यांसारखं काही दिसतं का पाहा. त्यात घडीच्या झडपा असतात. कित्येक घरांत त्या शंभर वर्षांच्या रंगाखाली चिकटून बसलेल्या असतात. पातळ सुरीने रंगाची कड कापली आणि झडप कुरकुरत बाहेर आली की घरातल्या सगळ्यांना पळत बघायला यावंसं वाटतं. रात्री त्या लावल्या की खोलीची थंडी खूप कमी होते. सोलरचं म्हणाल तर दर्शनी उतारावर विसरा. पण कठड्यामागच्या आतल्या उतारावर, रस्त्यावरून न दिसणाऱ्या जागी, किंवा बागेत जमिनीवर, असा अर्ज करून बघण्यासारखा आहे.

पैशांचं. आजच्या दरांनी नऊ लाखांवर ३५,००० पौंड स्टॅम्प ड्यूटी होते. तुम्ही आत्ताचं राहतं घर विकून हे घेत असाल तर एवढ्यावर भागेल. पण इथे भाड्याने राहत असाल आणि नवरा-बायकोपैकी कोणाच्याही नावावर पुण्या-मुंबईत ४०,००० पौंड किंवा त्याहून अधिक किमतीचा फ्लॅट असेल, तर तो दुसरं घर म्हणून मोजला जातो. पाच टक्के अधिभार लागून एकूण आकडा ८०,०००वर जातो. आपल्या लोकांना हे शेवटच्या आठवड्यात कळतं, तुम्ही सॉलिसिटरला पहिल्याच भेटीत सांगा. दुरुस्तीवर २० टक्के व्हॅट धरा. लिस्टेड घराच्या बदलांना व्हॅट माफ असतो असं जुन्या लेखांत सापडेल, ती सवलत १ ऑक्टोबर २०१२ला गेली. विमा बाजारभावावर न घेता पुन्हा बांधायच्या खर्चावर घ्या, हाताने केलेल्या कामामुळे तो आकडा किमतीच्याही वर जाऊ शकतो. आणि पहिल्या दोन वर्षांसाठी किमतीच्या दहा टक्के रक्कम वेगळी ठेवता येत नसेल तर हे घर सध्या तुमच्यासाठी नाही, हे मी माझ्या क्लायंटना स्पष्ट सांगतो. गळकी पन्हळ पगारवाढीची वाट बघत नाही.

राहिली बाग, आणि तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त जीव तिच्यात दिसला. आईंना तिथे मेथी-कोथिंबीर लावायची आहे, जरूर लावा, मातीला कोणाची संमती लागत नाही. पण लिस्टेड घराच्या आवारात साधी अवजारांची शेड किंवा काचघर उभारायलाही प्लॅनिंगची परवानगी लागते, इतर घरांना मिळणारी सूट इथे नाही. गाव संवर्धन क्षेत्रात येत असेल तर दीड मीटर उंचीवर ७५ मिलिमीटरहून जाड खोड असलेलं झाड छाटण्याआधीही सहा आठवड्यांची सूचना द्यावी लागते. मैलापाण्याची टाकी असेल आणि ती थेट ओढ्यात सुटत असेल तर २०२०पासून ते चालत नाही, बदलाचा खर्च किमतीतून वळता करून घ्या.

आणि ती भिंत. दोन-अडीच मीटर उंच, एकराला वळसा घालणारी, दोन्ही बाजूंनी पाऊस खाणारी भिंत म्हणजे देखभालीत दुसरं घरच. तिची मालकी आणि दुरुस्ती कोणाकडे आहे हे कागदांत बघा, शेजाऱ्यांकडे जाणाऱ्या बाजूचं विशेषतः. कुठे पोट आलंय का, आयव्हीची मुळं दरजांत शिरलीत का, माथ्यावरचे दगड जागेवर आहेत का, हे सर्व्हेअरला मीटरमागे मीटर चालत बघायला लावा. दक्षिणेकडे तोंड केलेला भाग धड असेल तर तुमचं नशीब. दिवसभर तापलेल्या त्या विटा रात्रभर ऊब सोडतात, त्यांच्या कुशीत अंजीर धरतं.

आता एक करा. हवामानाचा अंदाज बघून पुढच्या मुसळधार पावसात दुसरी भेट ठरवा. टॉर्च घ्या, एजंटला बाहेर गाडीत बसू द्या, आणि घराभोवती एक फेरी सावकाश मारा, पन्हळी, नळ, भिंतींचे पाय बघत. मग आत त्याच जागी आतून उभे राहा. पश्चिमेच्या भिंतीचे आणि कठड्यामागच्या पन्हळीचे फोटो मिळाले तर पाठवा, मी बघून सांगतो.